आमटीला वारा घालणाऱ्या बाई

आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला बसल्या, तेव्हा बाईंनी माझ्या आमटीला वारा घातला.

म्हणजे झालं असं, की मी वाटी पुढं ठेवली. वाफ निघत होती. दुसरं कुणी असतं तर वाटी उचलून भुरका मारला असता. ह्यांनी मान मागं घेतली, उजवा हात वाटीवर धरला आणि बोटं जुळवून ती वाफ हळूहळू स्वतःच्या नाकाकडं लोटली. कोंबडी हुसकावताना आपण हात करतो ना, तसा, फक्त उलटीकडून. डोळे मिटले. मी पदर खोचून उभीच. म्हटलं, आता विचारतील, काकू, ह्यात घातलंय तरी काय! बाईंनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "खोबरं किंचित करपलंय, काकू."

आता तुम्ही मला ओळखत नाही म्हणून सांगते. पासलीपासून खाली वेल्ह्यापर्यंत कुणाच्या घरी लग्न निघालं, की पंगतीच्या आमटीचं बोलावणं मला यायचं. माणूस आत बसेल एवढं पातेलं चुलवणावर चढवायचं आणि पळीला हात दुसऱ्या कुणाचा लागू द्यायचा नाही, असा माझा तोरा. आणि ही काल एसटीतून उतरलेली सोलापूरकडची बाई मला खोबऱ्याचं सांगते!

"आमच्यात असंच भाजतात," मी म्हटलं.

"भाजणं निराळं आणि करपणं निराळं," बाई शांतपणे म्हणाल्या. "बदल दोन्हीकडं रासायनिकच. दुसऱ्यात जरा जास्त पुढं गेलाय."

असं म्हणून त्यांनी वाटी संपवली आणि आणखी मागितली. मला राग आलेला, तरी मी वाढली. त्या दिवसापासून आमचा वाद सुरू झाला, तो बाई गावात होत्या तोवर संपला नाही. त्या म्हणायच्या करपलंय. मी म्हणायची, माझी आमटी करपत नाही.

बाई आमच्या शाळेत विज्ञान शिकवायला बदलून आल्या होत्या. एकट्या होत्या. लग्न केलं नव्हतं, का केलं नाही ते मी विचारलं होतं, तर म्हणाल्या, "राहून गेलं. प्रयोगशाळा आवरत होते." आमच्या पडवीला भिंत घालून केलेली खोली त्यांनी भाड्यानं घेतली आणि जेवण माझ्याकडं. माझी दोन्ही पोरं पुण्याला, मालक दिवसभर रानात, तेव्हा मला बोलायला माणूस मिळालं ह्याचाच आनंद जास्त होता. शिक्षण म्हणाल तर माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं पुड्याचे कागद वाचून. शेंगदाण्याच्या पुडीवर अर्धीच गोष्ट असायची, तिचा शेवट मी माझ्या मनानं करायची. तीच सवय नडली. बाईंनी अर्धं सांगितलं की उरलेलं मी माझ्या मनानं पुरं करून मोकळी.

त्यांचं म्हणणं, विज्ञान नाकापासून सुरू होतं. बाटलीला नाक लावायचं नाही, वाफ हातानं ओढून घ्यायची, म्हणजे विषारी काही असलं तरी बेतानं येतं. हे पोरांना शिकवता शिकवता त्यांच्या हाताला ते वळणच पडलं होतं. दुधाला वारा घालायच्या, नव्या साडीला घालायच्या. सोसायटीतून तांदूळ आणला तर पिशवीचं तोंड उघडून वारा, आणि मग निकाल: "जुना आहे. पोतं ओलं झालेलं."

एकदा गुंजवण्याला एका लग्नात आमटी माझ्याकडं होती. बाईंना बरोबर नेलं. मोठं पातेलं बघून त्यांना एक हात पुरेना, दोन्ही हातांनी लागल्या वाफ ओढायला, डोळे मिटून. बायकांत कुजबुज झाली. एक म्हातारी म्हणाली, "बाई दिष्ट काढाय लागल्यात. बरं क्येलं, लई जनांची नजर पडती पातेल्यावर." तेवढ्यात नवरीची मावशी नवरीलाच धरून घेऊन आली. "बाई, हिची बी काढा." मला वाटलं, बाई आता समजावून सांगतील. छे! त्यांनी तसेच हात नवरीभोवती फिरवले, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "हळद, अत्तर आणि घाम. सगळं जागच्या जागी आहे." मावशीनं पाया पडायला लावलं.

परत येताना जीपमध्ये मी विचारलं, "आमटी कशी होती?"

"सांगू?"

"नको," मी म्हटलं.

त्यानंतर हळूहळू पंगतींची बोलावणी कमी होत गेली. टेम्पोतून भांडी, टेबलं, टोप्या घातलेली पोरं घेऊन केटररवाले यायला लागले. मी गावभर सांगत फिरायची, की लोकांच्या जिभेला चवच राहिली नाही. घरची आमटी मात्र चालूच होती. भिंतीला भिंत लागून माझ्या चुलत दिराची सून राहते, मला आत्याबाई म्हणते, तिच्याकडं रोज एक वाटी जायची. वाटी चाटूनपुसून लखलखीत परत यायची. मी बाईंना ती वाटी दाखवायची. "बघा! ही कदर."

बाईंचा एक प्रश्न होता, तो त्या दिवसातून किती वेळा विचारायच्या कुणास ठाऊक. "दुसरंच काही झालं का?" सगळ्या जगाला त्यांनी त्या एका प्रश्नापुढं उभं केलं होतं. बर्फ वितळला, दुसरंच काही झालं का? नाही, पाणीच आहे, म्हणजे भौतिक बदल. दुधाला विरजण लावलं, दुसरंच काही झालं का? झालं, म्हणजे रासायनिक. मला हे लगेच समजलं, निदान मला तसं वाटलं. मी आपलं डोक्यात पक्कं केलं, की मागं फिरतं ते भौतिक आणि मागं फिरत नाही ते रासायनिक. आणि मग मी सगळ्या आळीला शिकवत सुटले.

एके दिवशी माझं लुगडं काट्याला लागून टराटरा फाटलं. मी बाईंकडं जाऊन म्हटलं, "घ्या, रासायनिक बदल."

"कसा काय?"

"आता हे मागं फिरतंय का?"

"न फिरू दे. कापडाचं दुसरंच काही झालं का? दोन तुकडे झाले तरी कापडच आहे ना?"

"मग नेसू कशी मी?"

"ते शिवणकामाचं, काकू. रसायनशास्त्राचं नाही." मग म्हणाल्या, "मागं फिरणं ही नुसती खूण आहे, तीसुद्धा दर वेळी खरी नसते. एखादी वस्तू कधीच पहिल्यासारखी होत नाही, तरी ती तीच असते."

तेव्हा मला हे काही पटलं नाही. लुगडं फाटल्याचं दुःख होतं.

एकदा आमटीत मीठ दोनदा पडलं. बाईंनीच शिकवलं होतं, मीठ पाण्यात विरघळलं तरी जात नाही, पाणी आटवलं की खाली बसतं. मी पातेलं त्यांच्यापुढं नेऊन ठेवलं. "काढा मीठ."

बाईंनी चव घेतली. तोंड वाकडं झालं. "निघेल की. सगळं आटवा, तळाशी मीठ मिळेल. पण आमटीचं काय उरेल तेही बघा."

आणखी एक सांगते. त्यांच्या खिडकीत तीन ग्लास असायचे, प्रत्येकात एक खिळा. एक कोरडा, एक पाण्यात, एक तेलात. मी म्हटलं, एकट्या बाईला घर आवरायला वेळ मिळत नाही. त्या शाळेत गेल्यावर मी चिंच आणि राख घेऊन बसले आणि पाण्यातला तांबडा झालेला खिळा असा घासला, की चांदीसारखा. ग्लासही धुतले. संध्याकाळी बाई आल्या, खिडकीशी उभ्या राहिल्या. मी दारात, कौतुकाची वाट बघत. बाई म्हणाल्या, "काकू, महिनाभर गंजवत होते मी हा." मग खिळा बोटांत फिरवला. "पण छान घासलाय. आता उद्या मुलांना विचारते, गंज निघाला तेव्हा त्याच्याबरोबर खिळ्याचं काय गेलं?" त्यांना राग येतच नसे. जे होईल त्याचा त्या धडा करायच्या. माझ्यासारखीच्या घरात राहायचं तर तेवढं लागतंच म्हणा.

पण सुरुवातीला फजिती त्यांची झाली होती, हेही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई फक्त स्वतःलाच हसते. त्या आल्या चैत्रात. आमच्याकडं तेव्हा राब भाजतात. भाताचं रोप जिथं टाकायचं त्या वाफ्यावर शेण, पातेरा, झाडाचे डहाळे पसरायचे, वर मातीचा थर द्यायचा आणि पेटवून द्यायचं. जमीन भाजून निघते, तणाचं बी मरतं, राखेवर रोप तरारून येतं. उतारावर जिथं बघाल तिथं धूर. बाईंनी हे कधी बघितलेलं नाही. त्यांना वाटलं, डोंगराला वणवा लागला आणि गाव गप्प बसलंय! आमच्या ओट्यावरची कळशी उचलली आणि धावत जाऊन आमच्या राबावर ओतली. परत आल्या, दुसरी नेली. ते पाणी मी झऱ्यावरून डोक्यावर आणलेलं, प्यायचं, चैत्रातलं. मालक कपाळाला हात लावून बांधावर उभे. त्यांना बायकांशी मोठ्यानं बोलता येत नसे. एवढंच म्हणाले, "अवो बाई, पानी आमाला प्यायाचं व्हतं. त्याला न्हाई."

निम्मा राब भिजून विझला. पावसात निम्म्या वाफ्यात रोप हिरवंगार आणि निम्म्यात नुसतं तण. बाईंना लाज वाटायची सोडून आनंद झाला! अख्खा वर्ग घेऊन आल्या. "बघा, इथं जळलं आणि इथं नाही. राखेनं काय केलं ते डोळ्यांनी दिसतंय." आणि मालकांना म्हणाल्या, दर वर्षी थोडा तुकडा असाच न भाजता ठेवाल का? मालकांनी ठेवला, खाटेएवढा. त्याला सगळे बाईंचा तुकडा म्हणायचे. मालक गेल्यावरही मी तो ठेवला. तण उपटून उपटून माझी कंबर गेली ती त्या तुकड्यापायी.

तर अशा ह्या बाई. मालक गेल्यावर त्या घरात होत्या म्हणून मी होते, हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. आमटीवरून भांडत राहिले.

मग एका थंडीत बाईंना ताप आला. साथीचे दिवस केव्हाच सरले होते, सगळं गाव त्यातून उठलं होतं, आणि ह्यांना त्यानंतर गाठलं. ताप चार दिवसांत उतरला. पेज घेऊन गेले तर बाईंनी वारा घातला आणि हात तसाच धरून राहिल्या. परत घातला. मग वाटी तोंडाला लावली आणि काही न बोलता प्यायल्या.

"काय म्हणते पेज?"

"काही म्हणत नाही," बाई म्हणाल्या.

नाक गेलं होतं. सर्दी नाही, चोंदलेलं नाही, नुसतंच वास येईना. वेल्ह्याच्या दवाखान्यात गेलो, मग भोरला. भोरचे डॉक्टर म्हणाले, येईल, पुष्कळांना येतो, काहींना येत नाही, काहींना नसलेलेच वास येत राहतात. वाट बघा.

मी पहिल्यांदा, खोटं कशाला बोलू, जरा सुटकेचा श्वास टाकला. रोजचं करपलंय-करपलंय बंद झालं. बाई पुढ्यात येईल ते जेवायच्या. वारा घालायचा हातही हळूहळू थांबला. जेवताना तो हात मांडीवर पडलेला असायचा. मला वाटलं होतं, मजा येईल. कसली मजा! मी मुद्दाम म्हणायची, "आज खोबरं जरा जास्तच भाजलंय हां." त्या म्हणायच्या, "असेल."

असे महिने गेले. मग एक दिवस त्या शाळेतून लवकर आल्या आणि चपला न काढता ओट्यावर बसल्या. वर्गात दिवा पेटवायला काडी ओढली होती. पुढच्या बाकावरची मुलगी ओरडली, बाई, स्पिरिट सांडलंय, वास येतोय! टेबलाखाली सगळं ओलं. बाईंनी काडी फुंकली. काही झालं नाही.

"पण तिला कळलं आणि मला नाही," बाई म्हणाल्या. "वर्गात सगळ्यांना कळलं होतं. वर्ष संपलं की मी नोकरी सोडते, काकू. भाऊ बोलावतोय सोलापूरला. प्रयोगशाळेत मी धोक्याची झालेय."

"सोडू नका" हे मला म्हणता आलं नाही. मी म्हटलं, "चहा टाकू?"

दुसऱ्या दिवसापासून मी बाईंच्या नाकाच्या मागं लागले. मनात म्हटलं, झोपलेलं असेल, हाका मारून उठवू. लसूण ठेचला, हिंग फोडला, कापूर आणला, सुकट तव्यावर टाकून आणली, घाणेरीचा पाला चुरगाळला. बाईंना डोळे मिटायला लावायचे आणि एकेक वाटी पुढं धरायची.

"हे?"

"नाही."

"आणि हे?"

"नाही हो."

"मनापासून ओढा की! सुकट आहे ही. मेलेला माणूस उठून बसंल."

बाईंनी डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं, वाटीकडं बघितलं. "ही सुकट आहे?"

"मग!"

"काकू, हा कापूर आहे. पांढरा दिसतोय."

मी खाली बघितलं. कापूरच होता. मी म्हटलं, गडबडीत वाट्या बदलल्या असतील. पण बाई शिक्षिका. त्यांना संशय आला की त्या सोडत नाहीत. म्हणाल्या, "आता तुम्ही डोळे मिटा."

मी मिटले. एक वाटी आली. मी मोठ्या ऐटीत वास घेतला आणि म्हटलं, "लसूण."

"हं. आणि ही?"

"हा आता कापूर."

डोळे उघडले तर बाई तोंडावर पदर धरून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी. पहिल्या वाटीत हिंग होता. आणि ज्याला मी कापूर म्हटलं ती सुकट होती. देवापुढं लावली असती मी!

"अहो, माझं आत्ता गेलं. तुमचं कधीच गेलंय!" बाई म्हणाल्या.

"मला येतो की वास!"

"आठवणीतला येत असेल. हे बघून ठरवता तुम्ही. कढईत कांदा दिसला की कांद्याचा वास आला म्हणता." मग माझ्या बोटाकडं बघितलं. बोट काळं होतं, कारण मी तरुणपणापासून मिश्री लावते. तव्यावर तंबाखू जाळायची, चुरायची, हिरड्यांना चोळत बसायची, दिवसातून कितीदा. "ती असेल. किंवा चुलीचा धूर. किंवा वय. मी काही डॉक्टर नाही, नक्की सांगता येणार नाही."

मी त्यांना म्हटलं, आपल्या दोघींत मिळून एक नाक नाही. त्यावर बाई पुन्हा हसल्या. आणि हसता हसता एकदम उठून स्वयंपाकघरात गेल्या, गॅसचा खटका बंद केला, परत तपासला.

"काकू, ह्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळला तर लोकांना कळावं म्हणून घाण वास मुद्दाम मिसळतात. कुणासाठी मिसळतात? नाक असणाऱ्यासाठी." त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "मी गेल्यावर तुमचं काय होईल?"

त्यांनी शेगडी आणि सिलिंडर मागच्या अंगणात पत्र्याखाली उघड्यावर नेऊन ठेवला. मी नाक मुरडत गेले. तेही नाक शोभेचंच.

चैत्र आला. मी राब पेटवला, बाईंचा तुकडा सोडून. बाई येऊन धुराच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. "डोळ्यांना कळतोय," म्हणाल्या, "झोंबतोय. पण हा कशाचा धूर आहे ते सांगणारं कुणी नाही मला." पेटी बांधायला काढली होती. परीक्षा संपली की निघायचं ठरलं होतं. मी जाऊ नका म्हणणार होते, पण शब्द जुळेनात. म्हणून मी आमटी केली. मला दुसरं काय येतं?

दुपार कलली होती. मी मागच्या अंगणात शेगडीशी, बाई पुढं ओट्यावर पेपर तपासत. खोबरं तव्यावर टाकलं होतं आणि मी बाईंना काय म्हणायचं त्याची मनात जुळवाजुळव करत होते. मग वाटण करून पातेल्यात घातलं, उकळी आली. आणि बाई घरातून चालत मागच्या दारात आल्या. लाल पेन हातात. म्हणाल्या, "काकू, काहीतरी करपलंय."

"माझी आमटी करपत नाही," मी म्हटलं. सवयीनं गेलं तोंडातून.

आणि मग आम्ही दोघी एकमेकींकडं बघत राहिलो.

"बाई! वास आला तुम्हाला?"

बाईंनी हात वर केला. इतक्या महिन्यांनी. पातेल्यावर धरला, वाफ ओढली. "आला असं वाटतंय." मग हात खाली घेतला. "पण डॉक्टर म्हणाले होते ना, काहींना नसलेले वास येतात. जळक्याचा बहुतेक. हे तसलंच असेल. खरंच करपलंय का, तेच तर कळायला पाहिजे."

आता हे कोण सांगणार? मी पातेल्यात डोकं घातलं. रंग काळपट वाटला, पण तो माझा नेहमीचाच. मी भिंतीवरून हाक मारली, "अगं ए, पळत ये गं!"

सून पळत आली, हात पिठाचे. मी म्हटलं, "ह्या आमटीचा वास घे आणि सांग, करपलीय का?"

उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मी मनातल्या मनात देवाला म्हणत होते, करपलेली असू दे रे बाबा. कोळसा झालेला असू दे.

सुनेनं वास घेतला. माझ्याकडं बघितलं, बाईंकडं बघितलं, पदर डोक्यावर ओढला आणि म्हणाली, "न्हाई आत्याबाई. झ्याक झालीया. नेमीवानी."

बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि आत जायला वळल्या. त्यांची पाठ मला दिसली, आणि मला काय झालं ठाऊक नाही, मी सुनेचा पिठाचा हात धरून माझ्या गळ्यावर ठेवला. "माझ्या गळ्याची आन हाय तुला. थोरली म्हणून न्हाई, खरं बोल!"

पोर रडकुंडीला आली. "आवो आत्याबाई, करापलीया! जळक्या टायरवानी वास येतोय, आमच्या घरापतूर! पर कसं सांगायचं तुमाला?"

"बाई!" मी ओरडले. "खरंच करपलीय! ऐकलंत का, करपलीय!"

बाई उंबऱ्यात थांबल्या. आणि मी म्हणजे अशी नाचतेय, की जणू पेढे वाटायचेत. पण शपथ एकदा घातली, की ती जागच्या जागी थोडीच थांबते? सून मोकळीच सुटली. "आजचीच न्हाई, आत्याबाई. रोजचीच करापती. लई वर्सं झाली."

मी नाचायची थांबले. "आणि वाटी? वाटी चाटूनपुसून येती ती?"

सुनेनं खाली बघितलं. "कुत्रं चाटतं. मंग म्या घासून देते."

"आणि पंगती?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"लोक म्हनाय लागलं, आत्याबाईंचा हात आता पहिल्यावानी न्हाई. तोंडावर कसं सांगायचं? मंग केटरर सांगाय लागली."

आमटी आपली उकळत होती. बाई खाली आल्या, पातेल्यापाशी बसल्या आणि डोळे मिटून वारा घालत राहिल्या, घालत राहिल्या. गालावरून पाणी ओघळत होतं. "खोबरं," म्हणाल्या. "खोबरंच. बाकीचं काही येत नाही अजून, लसूण नाही, मिरची नाही. फक्त जळलेलं खोबरं येतंय."

"तेवढं तर तेवढं," मी म्हटलं.

त्यांनी वाटी मागितली. मी म्हटलं, "टाकून देते, बाई. कुत्र्याला घालते. त्याला आवडते म्हणे."

"द्या हो," बाई म्हणाल्या. "पहिल्या दिवशीसुद्धा मी दोनदा घेतली होती."

पेटी परत माळ्यावर गेली. नाक काही पुरतं फिरलं नाही. लसूण महिन्यांनी आला, अत्तर तर शेवटपर्यंत आलं नाही. पण स्पिरिट आलं आणि गॅस आला, आणि बाई निवृत्तीपर्यंत आमच्याच शाळेत शिकवत राहिल्या. वर्गात काडी ओढायच्या आधी पुढच्या बाकाला विचारायच्या, "काही वास येतोय का रे? एका नाकावर विश्वास ठेवायचा नाही." मी एकदा म्हटलं, तुमचं नाक काही पहिल्यासारखं झालं नाही. तर म्हणाल्या, "न होऊ दे. दुसरंच काही झालं का माझं?" तेव्हा मला ते फाटलेल्या लुगड्याचं समजलं. जरा उशिराच समजतं मला.

आता त्या सोलापूरला भावाकडं असतात. मी मिश्री सोडली असं त्यांना सांगितलंय, कमी केलीय एवढं खरं. शेगडी अजून अंगणातच आहे. आमटी उकळली की मी आपली हातानं वारा घालते. येत काही नाही, पण हाताला बरं वाटतं. सुनेला बोलवावं म्हटलं, तर ती परत पदर ओढून झ्याक-झ्याक म्हणायला लागलीय. शपथ काय रोज घालायची?

म्हणून मग संध्याकाळी बाईंचा व्हिडिओ कॉल आला की मोबाईल पातेल्यावर धरते. वाफेनं काच धुरकटते. मी पदरानं पुसते आणि विचारते, "आज कशी वाटते?"

तिकडं बाई चष्मा वर सारतात, मान पुढं काढतात. आणि त्यांचा हात, मी बघते ना, सोलापुरात बसून, काचेपलीकडून, वाफ ओढायला आपोआप वर येतो. मग त्यांच्या लक्षात येतं, त्या हात खाली घेतात आणि नुसत्या रंगाकडं बघून म्हणतात, "काकू, दुसरंच काही झालंय हो."